सर्पगंधाची मुळी आणि आपली फार्मसी कॉलेजे

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत एक ठरलेली चर्चा सुरू होते. नीटमध्ये नंबर लागला तर एमबीबीएस, नाही तर बीयूएमएस, तेही जमले नाही तर फार्मसी. बी.फार्म. मिळाले तर उत्तम, पण डी.फार्म.वरही भागते. कारण नोंदणी झाली की चौकात ‘मेडिकल’ टाकता येते. तेवढी ऐपत नसेल तर सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात भिंतीवर टांगायचे आणि घरबसल्या दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची, हाही आता एक रूढ धंदा झाला आहे. तो बेकायदा आहे हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि तपासणीला येणाऱ्याला, सगळ्यांनाच ठाऊक असते.

मेडिकल टाकणाऱ्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. इज्जतीची रोजीरोटी कमावणे ही लहान गोष्ट नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. औषधनिर्माणशास्त्र हे मुळात शास्त्र आहे, त्यात काही शोधायचे असते, ही गोष्ट या साऱ्या चर्चेतून पार गळून गेली आहे. महाराष्ट्रात मुस्लिम संस्थांनी चालवलेली फार्मसी कॉलेजे आज कमी नाहीत. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये अल्लाना कॉलेज आहे, औरंगाबादला रफिक झकेरिया कॅम्पसमध्ये वाय. बी. चव्हाण कॉलेज आहे, नवी मुंबईजवळ नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामची संस्था आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अक्कलकुव्यासारख्या गावात जामियाच्या आवारात फार्मसी कॉलेज उभे राहिले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. इमारती झाल्या, मुली शिकू लागल्या, हे पहिले काम झाले. त्या इमारतींमध्ये प्रश्न कोणते विचारले जातात, यावर मात्र आपण अजून बोललेलो नाही.

औषधांच्या संशोधनात दोन शब्द नेहमी वापरले जातात: मूलभूत आणि उपयोजित. आजाराला उतारा मिळावा, गोळी स्वस्त व्हावी, ती पोटात गेल्यावर नीट विरघळावी म्हणून जे केले जाते ते उपयोजित. एखाद्या मुळीत नेमके कोणते द्रव्य आहे, ते शरीरात कशाला जाऊन चिकटते, तसे का होते, हे कळावे म्हणून जे केले जाते ते मूलभूत. पहिल्याचा फायदा लगेच दिसतो, म्हणून त्याला पैसा मिळतो. दुसऱ्याचा फायदा कधी होईल, कुणाला होईल, होईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्या देशात आणि त्याहून जास्त आपल्या समाजात या दुसऱ्याला चैन समजले जाते. ही समजूत किती महागात पडते, हे सांगायला एक मुळी पुरेशी आहे.

सर्पगंधा हे नाव आयुर्वेदातले. हिकमतीत तिला असरोल म्हणतात, बिहारकडे ‘पागल की दवा’. वेड लागलेल्या, झोप उडालेल्या माणसाला ही मुळी देण्याची रीत फार जुनी. वैदू, हकीम, वैद्य सगळेच ती देत, आणि गुण येतो हे सगळ्यांना माहीत होते. गुण कशाने येतो, हे कुणी विचारले नव्हते.

ते विचारण्याची सोय एका हकिमाने केली. हकीम अजमल खान म्हटले की आपल्याला आठवतात ते काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती. पण दिल्लीच्या करोल बागेतले तिब्बिया कॉलेज हे त्यांचे खरे आयुष्यभराचे काम. १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. पिढ्यान्‌पिढ्या नाडी पाहणाऱ्या घराण्यातल्या या माणसाला वाटले, की आपल्या औषधांची रसायनशाळेत तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी त्यांनी निवडला सलीमुझ्झमान सिद्दिकी हा तरुण. बाराबंकी जिल्ह्यात जन्मलेला, अलीगढला शिकलेला, जर्मनीत फ्रँकफुर्टला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला. (हा माणूस चित्रकारही होता, फ्रँकफुर्टमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते.) १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले. सिद्दिकी परतले आणि तिब्बिया कॉलेजात संशोधनाचे काम उभे करू लागले.

१९३१ मध्ये सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसैन सिद्दिकी यांनी सर्पगंधाच्या मुळीतून स्फटिकरूप अल्कलॉइड वेगळे करून प्रसिद्ध केले. त्यातल्या मुख्य द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांची आठवण म्हणून अजमलीन असे नाव दिले. जगभरच्या औषधकोशांत ते आजही त्याच नावाने आहे. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाचा एक आजार आहे, ज्यात वरून धडधाकट दिसणारा तरुण माणूस झोपेत दगावू शकतो. हा आजार १९९२ मध्ये वर्णिला गेला, आणि तो ओळखण्यासाठी युरोपातल्या रुग्णालयांत आज अजमलीनचेच इंजेक्शन देऊन ईसीजी पाहतात. दिल्लीच्या प्रयोगशाळेत १९३१ साली ज्यांनी हे स्फटिक पाहिले, त्यांना या आजाराचे नावही माहीत असणे शक्य नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडे भाषणांत सांगितली जाते, टाळ्या पडतात आणि भाषण संपते. खरा धडा त्यापुढे आहे.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे. कलकत्त्याच्याच ट्रॉपिकल स्कूलमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये तिच्यातल्या अल्कलॉइडचा प्राण्यांवरचा परिणाम तपासला. पुढे मुंबईत केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. म्हणजे पाहा, रसायनशास्त्र दिल्लीत, प्राण्यांवरचे प्रयोग कलकत्त्यात, रुग्ण मुंबईत. सगळे तुकडे आपल्याच देशात होते.

गोची अशी होती, की मन शांत करणारा, झोप आणणारा आणि रक्तदाब उतरवणारा तो मुख्य गुण अजमलीनमध्ये नव्हताच. सुंदर स्फटिक काढून घेतल्यावर जो राळेसारखा चिकट भाग मागे उरतो, त्यात तो होता. आपल्याकडच्या संशोधकांना हा सुगावा चाळीसच्या दशकात लागलाही होता. पण त्या चिकट गाळात हात घालून, थोडा थोडा भाग वेगळा करत, प्रत्येक भाग जनावरावर तपासत, गुण कुठे जातो त्याच्या मागे वर्षानुवर्षे जायला एका छपराखाली रसायनतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ आणि डॉक्टर लागतात आणि निमूटपणे पैसा पुरवणारा कुणी लागतो. हे सारे स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या सिबा कंपनीकडे होते. १९५२ मध्ये म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्यातून रिसर्पीन वेगळे काढले. सर्पासिल या नावाने ते बाजारात आले आणि आपल्याच मुळीची गोळी आपल्या दुकानात परत आली.

इथे ‘गोऱ्यांनी लुटले’ म्हणून मोकळे होता येते. मला ते पटत नाही. मुळी कुणी लपवून नेली नव्हती, निबंध छापलेले होते, कुणीही पुढचे काम करू शकत होते. आपण केले नाही.

त्याहून मोठी गोष्ट रिसर्पीनने पुढे केली. रक्तदाबाचे औषध म्हणून आज ते जवळपास मागे पडले आहे, पण मेंदूचे शास्त्र समजून घ्यायला ते फार उपयोगी पडले. रिसर्पीन दिलेला ससा जागचा हलत नाही, कान पाडून पडून राहतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा सशांना डोपा नावाचे द्रव्य टोचले, तर ते उठून हिंडू लागले. रिसर्पीनमुळे मेंदूतले डोपामीन संपते आणि डोपामुळे ते भरून येते, हे यातून उलगडत गेले. मग थरथर कापणाऱ्या, पाऊल न उचलणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांना एल-डोपा देण्याची वाट खुली झाली. ते औषध आजही दिले जाते. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

आता गंमत अशी, की हकिमांच्या दुकानात जे कौंचबीज मिळते, ज्याला आपण मराठीत खाजकुयली म्हणतो, त्याच्या बियांत एल-डोपा असते. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते वेगळे करून प्रसिद्ध केले होते. सर्पगंधाचे अल्कलॉइड दिल्लीच्या बाटलीत, एल-डोपा मद्रासच्या बाटलीत. दोन्हींची एका सशाच्या शरीरात गाठ पडावी असा प्रश्न आपल्याकडे कुणाला पडला नाही, कारण त्या प्रश्नातून कुठलीही गोळी लगेच विकली जाणार नव्हती.

यावर एक उत्तर हमखास येते: “गरीब देशाला, गरीब समाजाला हे परवडत नाही. आपण सिप्लासारखे करावे.” सिप्लाचे नाव घेतले की बोलणेच खुंटते, कारण ती गोष्टही आपल्या अभिमानाची आहे आणि ती मुंबईत घडली. म्हणून तीही नीट पाहू.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म अलीगढचा. सिद्दिकी फ्रँकफुर्टला शिकत होते त्याच काळात हे बर्लिनला शिकत होते. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज काढली. सिप्ला हे त्याचेच छोटे रूप. १९३९ च्या जुलैमध्ये गांधीजी ती पाहायला आले होते. देश तुटला तेव्हा हमीद इथेच राहिले. सिद्दिकी १९५१ मध्ये पाकिस्तानला गेले, तिथे त्यांनी विज्ञानसंस्था उभ्या केल्या आणि १९९४ मध्ये कराचीत वारले. अजमलीनची आठवण आपल्या पाठ्यपुस्तकांतून पुसट का झाली, याचे एक कारण यातही असावे.

हमीद यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ च्या फेब्रुवारीत एड्सवरच्या तीन औषधांचे एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. त्या वेळी बड्या कंपन्यांचा हाच उपचार वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरना पडत होता. आफ्रिकेत माणसे रांगेने मरत होती. त्या एका आकड्याने किती जीव वाचले याचा हिशेब मांडणे अवघड आहे. हे उपयोजित संशोधनाचे फार मोठे यश आहे आणि त्याला ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांना कारखान्यातली केमिस्ट्री माहीत नाही.

१९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट न देता ते बनवण्याच्या पद्धतीवरच दिले. म्हणजे रेणू तोच, पण वाट वेगळी काढा. वाट काढणे म्हणजे काय? समजा औषध बनवायला दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर ८० टक्के माल हाती लागतो. ऐकायला बरे वाटते, पण दहाव्या पायरीला शंभरातले जेमतेम ११ उरतात. तेच प्रत्येक पायरीवर ९० टक्के मिळवले तर शेवटी ३५ उरतात. तेवढ्याच कच्च्या मालात तिप्पट औषध. दर असा खाली येतो. आणि ८० चे ९० करायला कुठला बंध आधी तुटतो, कुठे पाणी नको, उष्णता किती, हे कळावे लागते. ते कळते मूलभूत रसायनशास्त्रातून.

युसूफ हमीद यांनी केंब्रिजमध्ये डॉक्टरेट केली ती अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली. टॉड यांना १९५७ चे नोबेल मिळाले ते न्यूक्लिओटाइडवरच्या कामासाठी, म्हणजे ज्यापासून डीएनए बनतो त्या घटकांच्या रसायनशास्त्रासाठी. एड्सवरची झिडोव्हुडीन, स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन ही औषधे याच घटकांची बनावट भावंडे आहेत. विषाणू फसून ती उचलतो आणि त्याची साखळी तुटते. झिडोव्हुडीन बनवण्याची पद्धत नव्वदीच्या सुरुवातीला सिप्लाला मिळाली ती हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतून, ए. व्ही. रामा राव यांच्याकडून. त्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून कॅन्सरवरची विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधे बनवण्याचे तंत्रही सिप्लाला त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेच्या साथीने मिळाले.

आणि खुद्द झिडोव्हुडीनचा रेणू? तो १९६४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला जेरोम हॉर्विट्झ यांनी कॅन्सरसाठी बनवला. कॅन्सरवर तो चालला नाही. हॉर्विट्झ यांनी पेटंटसुद्धा घेतले नाही. वीसएक वर्षे तो नुसता पडून होता, मग एड्स आला आणि १९८७ मध्ये तोच रेणू त्यावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरला. हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेला १९६५ साली कुणी ‘उपयोग काय झाला?’ असे विचारून टाळे ठोकले असते, तर सिप्लाला स्वस्त करायला काही उरले नसते. स्वस्त औषधाची परंपरा सांगणाऱ्यांनी ही अर्धी बाजू वगळू नये. शिवाय २००५ पासून आपल्याकडे पुन्हा औषधाच्या द्रव्यालाच पेटंट मिळते. दुसऱ्याच्या रेणूला आडवाटेने गाठण्याचे दिवस त्याच वर्षी आक्रसले.

याउलट दुसऱ्या टोकाला एक वेगळीच मंडळी आहेत. त्यांच्या मते सगळे आधीच लिहून ठेवलेले आहे. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्ये सगळे आहे, काहींच्या मते चरकात सगळे आहे. व्हॉट्सअपवर कलौंजीने काय काय बरे होते याची यादी रोज फिरते; गोमूत्राची यादी दुसऱ्या ग्रुपवर फिरते. दोन्ही याद्या पाठवणारे एकमेकांना हसतात. या साऱ्यांपेक्षा हकीम अजमल खान मला मोठे वाटतात, कारण त्यांचा आपल्या हिकमतीवर इतका भरवसा होता, की परीक्षेला बसवायला त्यांना भीती वाटली नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या कार्यक्रमाला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण चित्र सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. एम.फार्म.ची एक विद्यार्थिनी आपला प्रकल्प दाखवत होती. एका झाडपाल्याचा अर्क, चार प्रकारचे जंतू आणि अर्काभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचे मिलिमीटरमध्ये माप. माप चांगले मोठे होते. मी विचारले, “बेटा, यातलं नेमकं कोणतं द्रव्य जंतू मारतं?” ती म्हणाली, “सर, मलाही तेच बघायचं होतं. पण झोन मोजला की थिसीस होतो, पुढचं गाईड करू देत नाहीत. वेळ नाही, आणि मशिनला हात लावू देत नाहीत.” मशीन म्हणजे एचपीएलसी. कपड्याखाली झाकून ठेवलेले होते. ते तपासणीच्या दिवशी उघडतात, असे नंतर एका शिक्षकाने चहा पिताना हळूच सांगितले.

ही मुलगी १९३१ च्या प्रश्नापाशी स्वतःहून पोहोचली होती आणि आपण तिला दारातून परत पाठवले. बाकी बहुतेक प्रबंध तर मेटफॉर्मिनची हळूहळू विरघळणारी गोळी किंवा डायक्लोफिनॅकचे जेल यांच्यापुढे जात नाहीत. या वर्षी एक पॉलिमर, पुढच्या वर्षी दुसरा. मग पैसे भरून छापणारे एक जर्नल गाठायचे, बढतीच्या फायलीला ते लावायचे. दोष एकट्या शिक्षकांचा नाही. विनाअनुदानित कॉलेजात तुटपुंज्या पगारावर सकाळ-संध्याकाळ तास घेणाऱ्या माणसाकडून कसल्या संशोधनाची अपेक्षा करायची?

आपल्याकडे देणगीदारांची कमतरता नाही. पण देणगी इमारतीला मिळते, कारण इमारतीच्या दगडावर अब्बांचे नाव कोरता येते. मी एक साधा हिशेब मांडतो. सरकारच्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीचा दर सध्या महिन्याला ३७,००० रुपये आहे. याच दराने तीन हुशार मुलामुलींना ठेवले तर वर्षाला १३ लाख ३२ हजार लागतात. रसायने, काच, नमुने तपासण्याचा खर्च धरून वीस-बावीस लाख समजा. पाच वर्षे हे चालवायचे म्हणजे एक कोटीच्या आसपास. तेवढ्यात हल्ली एक बरे सभागृहही होत नाही. हा पैसा जकातीतून द्यावा की इमदादीतून, वक्फमधून द्यावा की आखाती देशांतल्या आपल्या मुलांनी पाठवावा, ते उलेमा आणि विश्वस्तांनी ठरवावे. अट एकच असावी: पाच वर्षांत गोळी, पेटंट, बातमी यांपैकी काहीही मागायचे नाही. दर वर्षी काय केले आणि काय फसले, एवढेच लिहून मागायचे. महागडी यंत्रेही विकत घेण्याची गरज नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, मुंबईत माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. नीट प्रश्न घेऊन गेलेल्याला तिथे नमुना तपासून घेता येतो.

विषयासाठीही लांब जावे लागणार नाही. अक्कलकुव्याच्या कॉलेजच्या मागेच सातपुडा उभा आहे आणि तिथल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत मुळ्या ओळखणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून शिकताना २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यायची, करारात त्यांचा वाटा लिहायचा, निबंधात त्यांचे नाव घालायचे. मग मुळी दळायची, अर्क काढायचा, वर्तुळ मोजायचे आणि त्या मुलीला पुढचे काम करू द्यायचे.